तेरा सेकंद

बफलो, 2 फेब्रुवारी 2025

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, आपले बफलो बिल्स कॅन्सस सिटी चीफ्सशी हरले. मॅच संपल्यावर आपल्या क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे पास फेकून चाली खेळवणाऱ्या खेळाडूबद्दल, तू फोनवर म्हणालास, "आई, जॉश अ‍ॅलन मोठ्या मॅचला कच खातो. प्लेऑफ त्याच्याच्याने होणार नाही." तू चिडला होतास, म्हणून मी गप्प बसले. पण आठवडा झाला, ते वाक्य मनातून जात नाही.

23 जानेवारी 2022 ची चीफ्सशी झालेली प्लेऑफची मॅच आठव. आपण दोघं सोफ्यावर शेजारीशेजारी होतो. दोन मिनिटं उरली होती, चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, 13 यार्ड पुढे जायला हवे होते, आणि जॉशने गेब डेव्हिसला पास देऊन टचडाउन, म्हणजे सहा गुण, मिळवले. चीफ्सनी आघाडी परत घेतली, तेव्हा 13 सेकंद राहिले असताना त्याने पुन्हा डेव्हिसलाच गाठलं. आपण 36-33 असे पुढे. त्याचे चार टचडाउन पास, 329 यार्ड, आणि समोरच्यांनी मध्येच पकडलेला पास एकही नाही. याहून जास्त त्याने काय करायचं होतं, सांग बरं? त्यानंतर आपला किकऑफ, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करणारी किक, थेट मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये गेला, म्हणून घड्याळ हललंसुद्धा नाही. मग आपल्या बचावफळीने चीफ्सच्या हिलला 19 आणि केल्सीला 25 यार्ड मोकळे दिले, आणि त्यांच्या बटकरने 49 यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली. ओव्हरटाइमचा टॉस चीफ्सनी जिंकला, पहिल्याच फेरीत टचडाउन केला, आणि तेव्हाच्या नियमाने मॅच तिथेच संपली. अ‍ॅलन बाजूला उभा राहून बघत होता. चेंडू त्याच्या हाती आलाच नाही. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांतच लीगने प्लेऑफपुरता तो नियम बदलला. तू मात्र त्या रात्री न जेवता झोपलास.

मग 2024, पुन्हा चीफ्स. इथेच, ऑर्चर्ड पार्कच्या आपल्या मैदानावर, आपल्या किकर बासची 44 यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. ती क्वार्टरबॅकच्या नावावर कशी लावायची?

त्याचं चुकलं तिथे मी पांघरूण घालत नाही. जानेवारी 2023 मध्ये बर्फात बेंगल्सनी आपल्याला घरी येऊन 27-10 हरवलं, तेव्हा तो वाईटच खेळला. गेल्या रविवारची, चौथ्या डाउनला एका यार्डासाठी त्याने मारलेली ती धडकही मला टोचते. आपण 22-21 असे पुढे होतो आणि तीच चाल त्या दिवशी आधीही अडली होती. ती पुन्हा खेळायचं ठरवलं प्रशिक्षकांनी, पण चेंडू त्याच्या हातात होता. त्यातला वाटा त्याचा आहेच. शेवटचा पास मात्र अंगावर माणसं धावून येत असताना, मागे पडता पडता त्याने टाकला, आणि तो आपल्या किंकेडच्या हातांपर्यंत पोहोचला होता.

काल मी वहीत बेरीज मांडली. जॉश आल्यापासून प्लेऑफमध्ये चीफ्सशी आपण चारदा खेळलो, चारही हरलो. चीफ्सचे गुण 38, 42, 27, 32. एकूण 139. मॅचमागे जवळजवळ 35 गुण समोरचा करत असेल, तर एका माणसाने किती भरून काढायचं? चीफ्सच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, त्याने प्लेऑफमध्ये हरवलं नाही हे खरं, पण महोम्सला अडवायला तो मैदानात नसतोच रे.

समोरच्या घरातले आजोबा काल बाहेर बर्फ काढताना भेटले. 1991 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, आपल्या स्कॉट नॉरवुडची 47 यार्डांची किक हुकली, 20-19 ने गेलो. दुसऱ्या दिवशी नायगरा स्क्वेअरमध्ये गर्दी जमली आणि लोक ओरडू लागले, "आम्हाला स्कॉट हवा!" आजोबा त्या गर्दीत होते. परवाच्या मॅचबद्दल मी विचारलं, तर म्हणाले, "मुलगा दमला असेल." मग फावडं उचलून पुन्हा कामाला लागले.

तुझी 17 नंबरची जर्सी धुऊन कपाटात ठेवली आहे. मार्चच्या सुट्टीत येशील तेव्हा घेऊन जा. आणि ती 2022 ची मॅच आपण पुन्हा लावू, 13 सेकंद उरतात तिथपर्यंतच.

तुझी,
आई