फोंड्याच्या दादांना, चवथीच्या दिवशी

प्रिय दादा,

आज चवथ. आमच्याकडे सिएटलजवळ बॉथेलला सकाळी दीड दिवसाचा गणपती बसला, आरती झाली, आईने मोदक केले, आणि हात पुसता पुसता मला एकदम तुमची माटोळी आठवली. आमच्या अलास्काच्या क्रूझवर तुम्ही जेवण वाढताना सांगितलं होतंत ना, गणपतीच्या वर लाकडी चौकट बांधून त्याला सुपारीचे घोस, नारळ, केळ्याचे घड, रानातली फळं कशी टांगतात ते, आणि आता ती तुमचा मुलगा बांधतो, कारण अलास्काचा सीझन मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर आणि चवथ नेमकी त्याच्या मधोमध येते. आज तुम्ही नक्की कुठल्यातरी बंदरावर ट्रे उचलत असणार. म्हणून आजच लिहायला बसले.

तुमचं नाव लिहीत नाही कारण तुम्हाला विचारलेलं नाही. जहाजावरून उतरताना फॉर्म दिला होता, त्यात तुमच्या नावापुढे सगळे स्टार भरले पण खाली लिहायला दोनच ओळी होत्या. दोन ओळीत काय लिहिणार होते मी.

पहिल्या रात्रीपासून सांगते. बाबांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, डावा पाय ओढत चालतात, काठी असते. आम्ही ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांना व्हीलचेअर लागेल असं तीनदा सांगितलं होतं आणि सिएटलला जहाजावर चढल्यावर कळलं की नोंदच नाही. मी काउंटरवर दोनदा जाऊन आले, रडकुंडीला आले होते, एवढा खर्च करून आईबाबांना आणलं आणि आता बाबा सात दिवस केबिनमध्ये बसणार असं वाटायला लागलं. जेवायला आलो तेव्हा लिफ्टपासून टेबलापर्यंत बाबा कसे चालत आले ते तुम्ही लांबून बघितलंत. काही बोलला नाहीत. पाणी ओतताना आमचं मराठी ऐकलंत आणि म्हणालात, "कशे आसात काका? कुठले तुम्ही?" बाबा म्हणाले कुर्डुवाडी. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दाराबाहेर व्हीलचेअर उभी होती आणि रात्री आमचं टेबल दाराजवळचं झालं होतं. हे सगळं कधी केलंत, कोणाला सांगितलंत, मला आजही माहीत नाही.

आणि खुर्ची आली तरी बाबा बसेनात. चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये उभं राहून काम केलेला माणूस, लोकांसमोर ढकलत नेलेलं त्यांना सहनच होत नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "काका, ही तुम्हाला नाही हो, काकींची जॅकेटं आणि पिशव्या ठेवायला आणली, तुम्ही ढकलत चला, आधार होईल." बाबांनी खरंच ती खुर्ची स्वतः ढकलत सगळं डेक पालथं घातलं, दमले की जॅकेटं बाजूला सारून त्यातच बसायचे. घरी फिजिओवाला सहा महिने वॉकर घ्या म्हणत होता, ऐकलं नव्हतं. दादा, तुमचं ऐकलं.

आता जुनोचं. हे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं पण हात धजत नव्हता. जुनो म्हणजे अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून यायला रस्ताच नाही, एकतर विमानाने या नाहीतर बोटीने, माझ्या लेकीला हे इतकं भारी वाटलं की ती दिवसभर प्रत्येक गाडी बघून ही कशी आली असेल विचारत होती. मेंडेनहॉल ग्लेशियरला जायच्या बसला अजून वेळ होता, पाऊस सुरू झाला, बाबांना बाथरूमला जायचं होतं आणि रस्त्यावर सगळी नुसती दागिन्यांची नि टी-शर्टची दुकानं. तुम्ही आदल्या रात्री सांगून ठेवलं होतंत, काही अडलं तर लायब्ररीत जा, धक्क्याजवळच आहे, पार्किंगच्या इमारतीच्या सगळ्यात वर, लिफ्ट आहे. वर गेलो तर खिडकीतून सगळा गॅस्टिनो चॅनल, समोर डोंगर, ढग खाली उतरलेले, आणि कोपऱ्यात तुम्ही. फोनवर. सकाळचे दहा, म्हणजे फोंड्यात रात्रीचे साडेअकरा, साडेतेरा तासांचा फरक, वहिनी तुमच्या फोनसाठी जाग्या होत्या. तुम्हाला दोन ड्युटींच्या मध्ये तेवढाच वेळ होता. आणि तुम्ही आम्हाला बघितलंत, वहिनींना थांब म्हणालात, फोन आईच्या हातात दिलात नि बाबांना धरून बाथरूमकडे घेऊन गेलात.

आई आणि वहिनी दहा-पंधरा मिनिटं बोलत होत्या. कोकणी-मराठी, पाऊस किती झाला, पोरगा कितवीला, असं सगळं. आई खूश. मी मात्र घड्याळ बघत होते, कारण मला कळत होतं की हा वेळ तुमचा होता. तुम्ही परत आलात तेव्हा बोलायला जेमतेम पाच मिनिटं उरली होती आणि मग तुम्ही जवळजवळ पळतच जहाजाकडे गेलात. मी तेव्हा नुसतं थँक्यू म्हणाले. दादा, हे पत्र खरं म्हणजे त्या पंधरा मिनिटांसाठी आहे.

त्या दिवशी मेंडेनहॉल बघितला, शेजारचा नगेट फॉल्स बघितला, निळा बर्फ बघितला, सगळं सुंदर होतं, पण आईला विचारलंत तर ती जुनो म्हणजे लायब्ररी असंच सांगते.

स्कॅगवेला तर तुम्ही बाबांचं सोनं केलंत. हजारभर वस्तीचं गाव, 1897 ला कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्याची बातमी आली आणि हजारो माणसं इथे उतरली. कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा असल्याशिवाय पुढे सोडायचे नाहीत, एकेका माणसाचं सामान जवळपास एक टन, ते खेचरा-घोड्यांवर लादून डोंगर चढायचा. व्हाइट पास खिंडीच्या त्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडे मेले, दरीला नावच डेड हॉर्स गल्च पडलंय. आईने ते ऐकलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली, बिचारी मुकी जनावरं म्हणाली फक्त.

त्याच डोंगरातून मग रेल्वे काढली. तुम्ही आदल्या दिवशी बाबांना म्हणालात की ही छोटी लाइन आहे, तुम्हाला आवडेल, व्हीलचेअर आहे हे आधी कळवा, आणि वर जाताना डावीकडे बसा, दरी त्या बाजूला आहे. तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं दादा, बाबा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते! बार्शी लाइट रेल्वे, मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर, तिच्या डब्यांखाली त्यांचं आयुष्य गेलं. आता ती सगळी ब्रॉडगेज झाली. बाबांना त्या छोट्या गाडीबद्दल बोलायला कोणी उरलं नव्हतं, आम्हाला मुलांना तर आवाजसुद्धा नीट आठवत नाही.

गाडी हलली आणि बाबांनी डोळे मिटून घेतले. मी घाबरले, काय होतंय का विचारलं, तर म्हणाले थांब, ऐकू दे. मग डोळे उघडून जे बोलायला लागले ते वरपर्यंत थांबले नाहीत. आपली अडीच फुटी होती, ही तीन फुटी. आपली 1897 ला सुरू झाली, ही 1898 ला खणायला घेतली, म्हणजे एका वयाच्या. पण आपली सपाटीवरची आणि ही 20 मैलांत जवळपास 2,900 फूट चढते, शंभर फुटाला पावणेचार-चार फूट चढ, इथे ब्रेकच्या माणसाची खरी परीक्षा. वळणावर पुढचं इंजिन दिसलं की माझ्या लेकीला खुणेने दाखवायचे. एक जुना लोखंडी पूल लागतो, 1901 चा, आता वापरात नाही, नुसता दरीवर उभा आहे, तो बघून बाबा म्हणाले, कोणीतरी याचे रिव्हेट हाताने मारलेत. वर पोचल्यावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावतात नि सगळ्यांनी बाजू बदलायची असते, बाबा कठड्याला धरून स्वतः उठले आणि समोरच्या सीटवर गेले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं अडखळायचं, शब्द सापडायचे नाहीत, त्यामुळे ते गप्पच राहायचे. त्या पावणेतीन तासांत एक शब्द अडला नाही.

रात्री तुम्ही सूप आणलंत आणि विचारलंत, काका गाडी कशी होती, आणि बाबांनी तुम्हाला पंधरा मिनिटं थांबवून ठेवलं, शेजारची टेबलं वाट बघत होती आणि तुम्ही ट्रे हातात धरून ऐकत राहिलात. ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आषाढी. पंढरपूर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर, लहानपणापासून दिंड्या दारावरून जाताना बघितलेल्या, आईने आषाढी कधी मोडलेली नाही. मी आदल्या रात्री इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला, तुमचे सीनियर चांगले होते पण व्हेजिटेरियन, व्हीगन, ग्लुटेन-फ्री याच्या पलीकडे फॉर्मवर खानाच नव्हता. तुम्ही बाजूने आलात नि फक्त विचारलंत, "एकादशी? जिरं चालतं ना तुमच्याकडे?" बस्स. सकाळी तुपात परतलेली बटाट्याची भाजी, हिरवी मिरची, जिरं, वर शेंगदाण्याचं कूट, शेजारी दही, केळी, आणि तुम्ही आईला सांगितलंत की कढई वेगळी घेतली, किचनमध्ये आपल्याकडचाच एक जण आहे, त्याने स्वतः केलंय. साबुदाणा नाही मिळाला म्हणून उलट तुम्हीच माफी मागत होतात!

तो दिवस ग्लेशियर बे या खाडीचा होता. सकाळी छोट्या बोटीतून नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर चढतात आणि दिवसभर माइकवरून सांगत असतात. 1794 ला कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडापर्यंत बर्फ होता, आणि 1879 ला निसर्गअभ्यासक जॉन म्युर आले तोवर तो चाळीसहून जास्त मैल मागे गेलेला. त्याच्याही आधी इथे हूना त्लिंगिट या मूळ रहिवाशांची गावं होती, बर्फ पुढे सरकला तेव्हा त्यांना घरं सोडून निघावं लागलं, आणि 2016 ला त्यांचं सामूहिक घर पुन्हा इथे बांधलं गेलं. आई हे सगळं माझ्याकडून मराठीत करून घेत होती.

तुम्ही सांगितलं होतंत की मार्जरी ग्लेशियरपाशी सगळे एका बाजूला धावतील, तुम्ही धावू नका, जहाज तिथे बराच वेळ थांबतं आणि गोल फिरतं, दोन्ही बाजूंना दिसतं. आम्ही वाऱ्याच्या आडोशाला खुर्ची लावली, बाबांना ब्लँकेट गुंडाळलं, आणि थोड्या वेळाने ती मैलभर रुंद निळी-पांढरी भिंत आपोआप समोर आली. एक कडा सुटला. आधी पडताना दिसला, आवाज मागून आला, मेघ गडगडल्यासारखा, रेंजर म्हणाली त्लिंगिट लोक याला पांढरी मेघगर्जना म्हणतात. माझी लेक ओरडली. आई हरिपाठ म्हणत होती, ती थांबली, परत सुरू झाली. तेवढ्यात तुम्ही गरम पाण्याचा थर्मास घेऊन आलात, काकींना उपासाला चहा चालतो की नाही माहीत नाही म्हणून नुसतं पाणी आणलं म्हणालात. चहा चालतो दादा. पण त्या थंडीत ते पाणी आईने प्रसाद घ्यावा तसं घेतलं.

केचिकनला पाऊस, वर्षाला साधारण 150 इंच पडतो म्हणे, त्यामुळे आम्हाला कोकणातच आल्यासारखं वाटलं. क्रीक स्ट्रीटची ती खांबांवर उभी घरं, खाली ओढ्यात सालमन, आणि गावात जागोजागी टोटेम पोल, म्हणजे कोरीव लाकडी खांब. आईने सवयीने एका खांबाला हात जोडले, तर तिथल्या त्लिंगिट बाईंनी प्रेमाने सांगितलं की याची पूजा नसते, हा आमच्या घराण्याचा इतिहास आहे, प्रत्येक आकृती म्हणजे एक गोष्ट. कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी उतरलो नि लगेच परत फिरलो, आईबाबांचा कॅनडाचा व्हिसा आधीच काढा हे सांगणारे लोक बरोबर होते एवढंच लिहिते.

शेवटच्या रात्री बाबांनी तुम्हाला पाकीट द्यायचा प्रयत्न केला आणि तुम्ही ते हातातच धरून म्हणालात, काका, पुढच्या वेळी काठी घरी ठेवून या. बाबा रोज संध्याकाळी सोसायटीला दोन चकरा मारतात आता, काठी असते, पण डावा पाय उचलतात. व्हाइट पासचं तिकीट त्यांच्या चष्म्याच्या डबीत आहे.

तुमचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरमध्ये संपतं म्हणालात, आईबाबाही ऑक्टोबरलाच कुर्डुवाडीला परत जाणारेत. वहिनींना आणि मुलाला घेऊन या, पंढरपूर तिथून तासाभरावर आहे. बाबा तुम्हाला स्टेशन दाखवतील, छोटी लाइन कुठून कशी जायची ते सांगतील, तुम्हाला वेळ काढूनच यावं लागेल. आणि आईने खास निरोप दिलाय, येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, साबुदाणा रात्रीच भिजत घालायला लागतो.

देव बरें करूं, दादा.

तुमची,
टेबल दाराजवळचं, कुर्डुवाडीच्या काकांची मुलगी