स्क्रू पियानोत, रस भारतातले

महोदय,

अमेरिकन संगीतकार जॉन केज म्हटलं की चर्चा १९५२ च्या ‘४ मिनिटं ३३ सेकंदं’ या रचनेवरच अडते, जिच्यात वादक काहीच वाजवत नाही. त्याचं पियानोसाठीचं ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ (१९४६-४८) मागेच राहतं. १६ सोनाटा, ४ इंटरल्यूड (मधल्या छोट्या रचना) आणि आवाज बदलण्यासाठी पियानोच्या ४५ स्वरांच्या तारांत अडकवलेले स्क्रू, बोल्ट, रबर, प्लॅस्टिक. कोणती वस्तू कोणत्या तारांमध्ये, डँपरपासून (तारेचा नाद थांबवणाऱ्या गादीपासून) किती इंचांवर, याचा तक्ताच सोबत असतो. पण तारांची लांबी पियानोगणिक बदलते. तेच अंतर दुसरीकडे भलताच आवाज देतं. तेव्हा इंचांना चिकटून न राहता कानानं स्क्रू सरकवावा. आधी उजवं पेडल दाबून डँपर उचलावेत. स्क्रू जाड निघाला तर तार ताणून सूर बिघडतो. गंमत डाव्या पेडलची: एका स्वराच्या तीन तारांपैकी दुसऱ्या-तिसऱ्या तारेमध्ये स्क्रू असेल, तर हातोडी सरकून मोकळ्या पहिल्या तारेवर पडतच नाही, ओळखीचा सूर जातो आणि बदललेला नाद तेवढा उरतो.

भारतीय संगीतकार गीता साराभाईंनी केजला भारतीय संगीत शिकवलं, कला-अभ्यासक आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून त्यानं या रचनेसाठी शांतरसाकडे झुकणारे आठ रस घेतले. कोणता सोनाटा कोणत्या रसाचा, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

– एक वाचक, पुणे