गुरुवारी गाडी गॅरेजला जाणार आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर गाडीचा विषय निघाला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहितेय. गाडी गॅरेजला द्यायची असं मी ठरवलंय, आणि मेकॅनिकशी बोलणंही झालंय. गुरुवारी सकाळी तो टोइंगची गाडी घेऊन येईल. तुम्ही फक्त किल्ली द्यायची. चालवत न्यायची नाही. बाबा, रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

तुमचं निदान चुकलं असं मी म्हणत नाहीये. प्लग बदलले, बाहेरचा फिल्टर बदलला, तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण तुम्ही सांगितलेलं सगळं मी एकाखाली एक लिहून पाहिलं. सकाळी गाडी लगेच चालू होते. हळू चालवली तर काही तक्रार नाही. चढ लागला किंवा वेग वाढवला की आचके देते, मग बंद पडते. थोडा वेळ थांबलं की काही झालंच नाही अशी परत चालू! आणि मागच्या सीटखालून बारीक कुईं आवाज येतो, हे आईने सांगितलं. (बाबांना तो येत नाही म्हणे. त्याबद्दल नंतर बोलू.)

हे सगळं टाकीतल्या जाळीकडे बोट दाखवतं. पंप टाकीच्या आतच असतो आणि त्याच्या तोंडाशी ही जाळी, म्हणजे बाहेरच्या फिल्टरच्या कितीतरी आधी. पंपाच्या ओढीने तळाचा गाळ जाळीला जाऊन चिकटतो आणि पेट्रोल पुरत नाही. गाडी बंद पडली की ओढ थांबते, थोडा गाळ सुटून खाली बसतो, म्हणून ती पुन्हा चालू होते. आत्याकडे जाताना झालं ते हेच असणार. तेव्हा निदान दिवस होता. रात्री, मागून ट्रक येत असताना झालं असतं तर, हा विचार काही डोक्यातून जात नाही. शिवाय अशी ओढाताण करत राहिला तर पंपही जळतो. त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच त्याला पुरेसं मिळत नाही ना.

आता तुमचा प्रश्न: जाळीच काढायची तर पूर्ण टाकी कशाला रिकामी करायची? कारण आईच्या ऑपरेशनच्या काळात गाडी अर्ध्या टाकीवर उभी होती. टाकीत मोकळी जागा राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं आणि तिथेच गंज चढतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर पाणी आणखी ओढून घेतं. तो गंज आणि ते पाणी तसंच ठेवून नवी जाळी बसवली तर थोड्याच दिवसांत तीही तुंबेल. जुनी जाळी हवा मारून साफ करू असं म्हणाला होतात, तेही नको. बाहेरून हवा मारली की कचरा आत जातो, आणि तिथून थेट पंपात.

बाबा, आता मुख्य गोष्ट. ती रबरी नळी आईने माळ्यावर टाकली आहे, मीच सांगितलं होतं तिला. तोंडाने पेट्रोल ओढायचं नाही. स्कूटरच्या दिवसांत तुम्ही ओढायचात आणि थुंकून हसायचात, मला सगळं आठवतं. पण एक घोट श्वासनलिकेत गेला तर फुफ्फुसाला सूज येते, आणि तुमची छाती आता मागच्या हिवाळ्यानंतरची आहे. आई, चुकून कधी कुणाच्या पोटात पेट्रोल गेलंच तर उलटी करवायची नाही, सरळ डॉक्टरांकडे न्यायचं. उलटीच्या वेळीच ते फुफ्फुसात जायची भीती जास्त असते.

आणि आपलं पार्किंग तळघरात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खोलगट जागी साचून राहते. उणे 40 अंशांतही पेटेल एवढी वाफ पेट्रोल सोडतं, मग साध्या दिव्याच्या बटणाची ठिणगीसुद्धा पुरे. मेकॅनिक हे काम उघड्यावर करतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो, पेट्रोल हातपंपाने धातूच्या डब्यात घेतो, पंपाची रिंग पितळी पंचाने फिरवतो म्हणजे ठिणगी उडत नाही. हे सगळं मी त्याला विचारून घेतलं. तोही कंटाळला असेल. टाकी खाली उतरवायची वेळ आली तर आणखी माणूस लागतो. चाळीस लिटर पेट्रोलचंच वजन तीस किलोच्या आसपास होतं, आणि तुमच्या कमरेचा पट्टा मी विसरलेली नाही.

मी लहान असताना बॉनेटपाशी टॉर्च धरून उभी राहायचे आणि तुम्ही "हलवू नकोस गं" म्हणायचात. गाडीबद्दल मला जे कळतं ते तिथलंच आहे. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण गाडी तुमचीच आहे, तुम्हीच चालवणार आहात. फक्त ही दुरुस्ती दुसऱ्याच्या हातून होऊ दे.

गाडी नसेल त्या दिवसांत आईच्या तपासणीला टॅक्सी येईल, दारापर्यंत. पायऱ्या उतरायला हात द्यायला मी ड्रायव्हरला सांगितलंय. तिची पाठीची उशी, तुमचा जाड काचांचा चष्मा आणि गाडीतली औषधांची पिशवी बुधवारी रात्रीच काढून ठेवा. सकाळी घाई होते आणि मग तुम्ही दोघं एकमेकांवर चिडता.

आता सूचना. जुनी जाळी मेकॅनिककडून मागून घ्या, बघा आणि मला फोटो पाठवा. पंपाच्या झाकणाचं रबर सील नवंच बसवायचं, जुनं परत लावून देऊ नका. टाकी आतून फार गंजलेली असेल तर नवी घालायला सांगा. पैशांचं मी बघते, त्यावर वाद नको. काढलेलं पेट्रोल "गाळून वापरू" असं म्हणायचं नाही. ते गटारात किंवा मातीतही ओतायचं नाही, त्याची विल्हेवाट गॅरेज लावेल. त्यानंतर काटा पाव टाकीच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवायची.

आणि बाबा, मेकॅनिक काम करत असताना त्याच्या शेजारी उभं राहायचं असेल तर खुशाल राहा. पण वारा जिकडून येतो त्या बाजूला, आणि मोबाईल घरी ठेवून.

तुमची,
बेबी

ता. क. आई, बाबा पत्र वाचून गप्प बसले तर मला लगेच फोन कर. चिडले तर नको, मग ठीक आहे.