कोळशाचा विस्तव

चाकण, बुधवार रात्र

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर हा विषय काढला की बाबा "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, म्हणून पत्र लिहितोय. आई, चष्मा लाव आणि मोठ्याने वाच. बाबा उठून अंगणात गेले तर मागोमाग जाऊन वाच.

बाबा, आईने सांगितलं की तीन महिने झाले, पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं तबक आपल्या बाकापाशी आलं की तुम्ही ते तसंच शेजारच्याच्या हातात देता. भाकरीचा तुकडा घेत नाही, द्राक्षरसाचा पेलाही उचलत नाही. पाळकसाहेबांनी विचारलं तर "पोट बरं नाही" म्हणालात. पोट बरं नसलेला माणूस रोज संध्याकाळी भजी खात नाही, हे त्यांनाही कळत असेल.

कारण काकाच आहेत. पावसाळ्यात ते गेले आणि तुमचं बोलायचं राहून गेलं. आईजवळ तुम्ही म्हणालात, "वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट कर, असं लिहिलंय. आता कुणाशी करू?" या वचनावर माझ्याकडे उत्तर नाही आणि ओढूनताणून देणारही नाही.

पण दुसरं जे वचन तुम्ही स्वतःला लावून घेतलंय, त्यावर मी तुमच्याशी भांडणार आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 11 वा अध्याय. प्रभूची भाकर 'अयोग्य प्रकारे' खाणारा दोषी ठरतो, असं पौल म्हणतो. ते खाण्याच्या रीतीबद्दल आहे, अयोग्य माणसाबद्दल नाही. करिंथात काय चाललं होतं बघा. एकत्र जमायचे, पण ज्याच्याकडे होतं तो आधीच जेवून घ्यायचा. एक भुकेला राहायचा, दुसरा पिऊन तर्र. पौल चिडलाय तो त्यावर. आणि पुढच्याच ओवीत म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून उपाशी उठावं, असं तिथे कुठेही नाही. तुम्ही निम्मं वचन पाळताय.

तुमचा जन्म हिशेब जुळवण्यात गेला, हे मला ठाऊक आहे. डेपोत वेबिल आणि रोकड जुळेना, तर कमी पडलेले पैसे खिशातून भरून तुम्ही रात्री अकराला घरी यायचात. देवाकडेही तसंच असणार, असं तुम्हाला वाटतं. आधी भरणा, मग सुटका. पण शिमोन परुश्याच्या घरची गोष्ट तुम्हीच मला शब्बाथशाळेत शिकवली होती. सावकाराचे दोन ऋणको, एकाकडे 500 दीनार, दुसऱ्याकडे 50. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. म्हणजे एकाकडे जवळजवळ दीड वर्षाची मजुरी, दुसऱ्याकडे दीड-दोन महिन्यांची. दोघांकडे फेडायला दमडी नाही, आणि सावकार दोघांनाही सोडून देतो. त्यानंतर येशू विचारतो, त्याच्यावर जास्त प्रीती कोण करील? नीट बघा, प्रीती नंतर येते. शिमोनाच्या घरी जेवायला आलेल्या येशूच्या पायांशी ती पापी बाई रडली, केसांनी पाय पुसले, तेल लावलं, म्हणून तिचं कर्ज फिटलं असं नाही. कर्ज सुटलेल्या माणसासारखी ती वागत होती. शिमोनाने पाय धुवायला पाणीसुद्धा दिलं नव्हतं, कारण आपल्याकडे कुणाचं काही देणं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. आपल्या प्रभूच्या प्रार्थनेतही 'ऋण'च आहे ना? 'तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' फेडून घे, असं आपण कधी म्हटलेलं नाही.

हे सगळं तुम्हाला येतं. मी लिहितोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि ती चौदा वर्षं मी पोटात ठेवली आहे.

2010 चा नाताळ. आजीच्या घराच्या वाटणीवरून तुमचं बोलणं बंद होऊन वर्ष झालं होतं. काकांनी फराळाचा डबा पाठवला, तो पितळी कडीचा, स्टीलचा. तुम्ही झाकण न उघडता मला म्हणालात, "देऊन ये." मी सायकलवर गेलो. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी डबा घेतला, माझ्यासमोर उघडला, एक करंजी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दादा रागावलाय. रागावू दे, त्याचा हक्क आहे. माझ्या मनात काही नाही, एवढं सांग त्याला." मी करंजी खाल्ली. फुटलेली होती, सारण माझ्या स्वेटरवर सांडलं, ते काकूने झटकलं. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "दिला?" मी म्हटलं, "दिला." बस्स. तुम्ही चिडाल, मी तिथे खाल्लं म्हणून ओरडाल, या भीतीने निरोप गिळला. मग आठवडा गेला, वर्ष गेलं, आणि सांगायची लाज वाटायला लागली. काका गेल्याचा फोन आला तेव्हा पहिली ती करंजी आठवली.

म्हणजे बाबा, त्या घरून तुम्हाला केव्हाच सोडलं होतं. पावती माझ्याकडे अडकली होती. हवं तर माझ्यावर रागवा.

परवा रात्रपाळीत योहानाचा 21 वा अध्याय वाचत होतो. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने प्रभूला तीनदा नाकारलं ते महायाजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत. आणि पुनरुत्थानानंतर तो पोहत किनाऱ्याला येतो, तर तिथे पुन्हा कोळशाचा विस्तव. मूळ ग्रीकमधला तो शब्द नव्या करारात या दोनच जागी आहे. त्या विस्तवावर मासळी आणि भाकर आधीच ठेवलेली. पेत्राने अजून तोंड उघडलेलं नाही, माफी मागितलेली नाही. येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा. 'असं का केलंस' हे एकदाही विचारत नाही. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण तोवर त्याच्या पोटात भाकर गेलेली असते.

या पहिल्या रविवारी मी येतोय. शनिवारी दुपारची पाळी संपवून जी मिळेल ती गाडी पकडतो, नगरला पोचायला मध्यरात्र होईल, जागू नका. उपासनेला तुमच्या शेजारी मी बसेन. तबक माझ्याच हातून तुमच्याकडे येईल, बघू काय करता.

दुपारी काकूकडे जाऊ. मी फोन करून ठेवलाय, ती म्हणाली, "या की, विचारायचं काय त्यात?" काय न्यायचं ते आईने ठरवावं. डबा मात्र आपला न्या, म्हणजे तो परत आणायला पुन्हा जाता येईल.

तुमचा,
धाकटा