रविवारची खाडीफेरी: वेळ बदलली आहे

नमस्कार मंडळी,
रविवारी खाडीकाठचा कचरा काढायला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला सातऐवजी साडेआठला जमायचं आहे. सातला भरतीचं पाणी आत असतं, गेल्या खेपेला आपण तासभर नुसता चहाच पीत बसलो होतो.

कचरा काढताना तिवरांच्या मुळांवर पाय देऊ नका. चिखलातून वर आलेली ती पेन्सिलीसारखी टोकं म्हणजे झाडाचं नाक. ती मोडली की झाड गुदमरतं. अडकलेली पिशवी ओढू नका, कात्रीने कापा. गमबूट, जाड हातमोजे आणि पाण्याची बाटली घरूनच आणा. बाटली स्टीलची! प्लॅस्टिक वेचायला प्लॅस्टिक घेऊन येणारे दोघं आहेत, त्यांना कळलं असेलच.

बुधवारी शाळेत सातवीच्या मुलांसोबत खताचा ड्रम भरायचा आहे. सुका पाला जास्त, ओला कचरा कमी. मागच्या वेळी उलटं झालं आणि वास थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. मुलांना ठाणे खाडी 2022 साली रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली हेही सांगू. फ्लेमिंगोंचे फोटो कुणाकडे असतील तर द्या.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव कळवा.