‘पटत नसेल तर निघून जा’ हे उत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या समाजमाध्यमाने नियम बदलले आणि वापरकर्ते विरोधात उभे राहिले की ठरलेला शेरा ऐकू येतो : फुकट वापरता, मग तक्रार कसली? पटत नसेल तर अकाउंट बंद करा. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो, म्हणून हे पत्र.

मुळात ही माध्यमे फुकट चालतच नाहीत. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाचे उदाहरण घ्या. तिथल्या हजारो चर्चागटांची राखण मॉडरेटर करतात. शिवीगाळ काढणे, फसव्या जाहिराती हटवणे, नवख्यांना वाट दाखवणे ही सगळी कामे ते बिनपगारी करतात. 2023 मध्ये कंपनीने बाहेरच्या अ‍ॅप्सकडून एपीआयसाठी, म्हणजे रेडिटवरचा मजकूर त्यांच्याकडे दाखवण्याच्या सोयीसाठी, जबर शुल्क मागितले. ‘अपोलो’ या लोकप्रिय अ‍ॅपच्या निर्मात्याने हिशेब मांडला, तो वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरचा निघाला. त्या जूनमध्ये आठ हजारांहून अधिक गटांनी निषेध म्हणून आपली दारे बंद केली. त्यांत दृष्टिहीनांचा गटही होता. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) धड चालत नसल्याने त्यांची सारी भिस्त बाहेरच्या अ‍ॅप्सवर होती. त्यांच्यासाठीच्या काही अ‍ॅप्सना शुल्कातून सूट मिळाली, तीही ओरड झाल्यावर. ‘अपोलो’ मात्र 30 जूनला बंद पडले, आणि गट उघडा नाहीतर तुमच्या जागी दुसरे आणू, असे मॉडरेटरना बजावण्यात आले. वर्षानुवर्षे मोफत राबलेल्या माणसांना असे वागवणे मला संतापजनक वाटते.

‘निषेधाने काही होत नाही’ हेही खरे नाही. 2006 मध्ये फेसबुकने न्यूज फीड (मित्रांच्या हालचाली एकत्र दाखवणारे पान) आणले तेव्हा लाखो जण विरोधात गेले आणि काही दिवसांतच गोपनीयतेची नियंत्रणे द्यावी लागली. 2012 च्या डिसेंबरमध्ये इन्स्टाग्रामने जाहिरातींबाबतचे वादग्रस्त कलम असेच मागे घेतले.

पण आरडाओरडा करून पदरात पडलेली सवलत म्हणजे हक्क नव्हे. फेसबुकने 2009 मध्ये धोरणबदलावर मतदानाची सोय केली होती. अट अशी, की 30 टक्के सक्रिय वापरकर्त्यांनी मत दिले तरच निकाल बंधनकारक. 2012 मध्ये ही सोयच रद्द करण्याचा प्रस्ताव मताला आला. साडेसहा लाखांहून अधिक मते पडली, त्यातली सुमारे 88 टक्के विरोधात होती. वापरकर्ते तेव्हा शंभर कोटींच्या घरात, म्हणजे मते हवी होती 30 कोटी. मतदान गुंडाळले गेले. इतकी उंच अट ठेवून घेतलेल्या मतदानाला लोकांचे मत विचारणे म्हणता येत नाही.

राहिला प्रश्न निघून जाण्याचा. 2021 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या गोपनीयता धोरणामुळे असंख्य लोकांनी सिग्नल, टेलिग्राम उतरवून घेतले. ते स्वीकारण्याची मुदत 8 फेब्रुवारीवरून 15 मेवर गेली, धोरण मात्र राहिले. कारण उघड आहे. नातेवाईक, शाळेचा गट, कामाचा गट जिथे आहे तिथून एकट्याने उठून जाता येत नाही. अगदी गेलो, तरी इतक्या वर्षांचे लेखन, छायाचित्रे, ओळखी मागेच राहतात.

म्हणून मागणी नेमकी हवी. जुने कलम आणि नवे कलम शेजारी शेजारी, साध्या भाषेत, किमान तीन महिने आधी दाखवावे. नवे नियम जुन्या मजकुराला वेगळ्या संमतीशिवाय लावू नयेत. आपला मजकूर दुसरीकडे नेता आला पाहिजे, तोही तिथे प्रत्यक्ष वापरता येईल अशा रूपात. युरोपीय संघात 2018 पासून स्वतःची माहिती सोबत नेण्याचा हक्क कायद्यात आहे. तो जगभर का नसावा?

आपल्यालाही एक विनंती. पुढच्या वेळी असा निषेध होईल तेव्हा कोणता हॅशटॅग किती चालला एवढ्यावरच बातमी थांबू नये. कोणते कलम बदलले आणि त्याची झळ नेमकी कोणाला बसते, तेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक