आमवाताच्या इंजेक्शनसाठी रुग्णालयात भरती होण्याची अट नको

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

माझी धाकटी बहीण ब्लाउज शिवते. तिला आमवात आहे, डॉक्टरी भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. दर आठवड्याला मेथोट्रेक्सेट, जोडीला सल्फासॅलॅझिन ही या आजाराची नेहमीची औषधं, मधूनमधून स्टिरॉइड, एवढं करूनही सकाळी तिची मूठ वळत नसे. कात्री दोन्ही हातांत धरून ती कापड कापायची. मग डॉक्टरांनी अ‍ॅडॅलिमुमॅब सुरू केलं. ४० मिलिग्रॅमचं हे इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी पोटावर किंवा मांडीत टोचायचं असतं. काही महिन्यांत ती पुन्हा हुक-काज करू लागली. पण पैसा पुरेना. पंधरवड्याचं इंजेक्शन महिन्यावर गेलं, पुढे बंदच पडलं आणि मनगटं पुन्हा सुजली.

साहेब, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. गरिबाला तिचा मोठा आधार आहे, हे मनापासून सांगते. पण या योजनेची घडण मुख्यतः रुग्णालयातली भरती आणि शस्त्रक्रियेभोवती आहे. हे औषध मात्र फ्रिजमध्ये ठेवून घरी घ्यायचं, तेही वर्षानुवर्षं. आणि आमवातात एकदा झिजलेलं हाड नंतर कुठल्याही इंजेक्शनने पूर्ववत होत नाही.

हे सरसकट सगळ्यांना द्या, असं मी म्हणत नाही. नेहमीची औषधं पुऱ्या मात्रेत घेऊनही सहा महिन्यांत आजार आटोक्यात आला नाही, असं संधिवाततज्ज्ञाने लिहून दिलं, तर द्या. आधी क्षयरोगाची तपासणी सक्तीची हवी. सांध्यात आग पेटवणारं टीएनएफ हे प्रथिनच शरीरात दबलेल्या क्षयाला कोंडून ठेवतं; अ‍ॅडॅलिमुमॅब नेमकं तेच अडवतं, आणि ते अडवलं की क्षय डोकं वर काढू शकतो. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही.

खर्चाचं म्हणाल, तर अ‍ॅडॅलिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध, २०१४ साली आपल्याच देशात, झायडस या कंपनीने बाजारात आणलं. आज अशी औषधं बनवणाऱ्या कंपन्या इथे एकाहून अधिक आहेत. राज्याचं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहेच. त्याने घाऊक निविदा काढावी, जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून दर महिन्याला दोन इंजेक्शनं मिळावीत, आणि पुढचा साठा आला नाही म्हणून कुणाचाही डोस चुकू नये. एवढा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपली नम्र,
एका रुग्णाची बहीण